प्रवेशाच्या ‘संपूर्ण नियोजना’ची किंमत

अभियांत्रिकीच्या प्रवेशापासून शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जापर्यंत सर्व काही एकाच ठिकाणी पार पाडून देतो, असे सांगणाऱ्या पुण्यातील एका सल्लागाराने २०२५ च्या प्रवेशाच्या हंगामात माझ्या बहिणीच्या कुटुंबाकडून टप्प्याटप्प्याने १,०८,००० रुपये घेतले. या रकमेच्या बदल्यात माझ्या भाचीची जागा तिने मागितलेल्या नव्हे, तर त्याला हव्या असलेल्या महाविद्यालयात पक्की झाली, आणि कर्ज म्हणून हाती आले ते एक बनावट मंजुरीपत्र. हे घडले कसे, ते सविस्तर लिहीत आहे, कारण यातील बहुतेक युक्त्या खऱ्या नियमांच्या आडोशानेच केल्या जातात आणि म्हणूनच त्या लवकर ओळखू येत नाहीत.

बहिणीचे कुटुंब बार्शीचे, दाजी एस.टी.त वाहक आहेत. भाचीला सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत बरे पर्सेंटाइल मिळाले होते, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता ही दोन्ही प्रमाणपत्रे तयार होती. सल्लागाराच्या कार्यालयात भिंतीवर मागील वर्षांचे कटऑफ लावलेले होते आणि तो बोलतही असे माहितगारासारखा. “काका, तुम्ही निर्धास्त राहा, फक्त कागद आणि ओटीपी देत चला,” हे त्याचे ठरलेले वाक्य. पहिल्या भेटीतच त्याने ४५,००० रुपये ‘मार्गदर्शन शुल्क’ म्हणून घेतले, आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला ‘पडताळणीसाठी’ स्वतःकडे ठेवला. वास्तविक अर्जाची आणि कागदपत्रांची तपासणी राज्य सीईटी कक्षाने नेमलेल्या सुविधा केंद्रात होते आणि तेथे त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

खरी मेख अर्जातच होती. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे सीईटी कक्षामार्फत फेऱ्यांतून होणाऱ्या प्रवेशाचा अर्ज भरताना त्याने मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचे घातले. त्यामुळे पासवर्ड त्याच्याकडे, संदेश त्याच्याकडे, आणि पुढचे सर्व ओटीपीही त्याच्याकडेच जात राहिले. भाचीने आपल्या हाताने महाविद्यालयांची यादी लिहून दिली होती. तीत सोलापूरच्या जवळपासची संगणक शाखा वरच्या क्रमांकावर होती. प्रत्यक्ष भरलेल्या विकल्प अर्जात, म्हणजे पसंतीक्रमाच्या अर्जात मात्र पहिल्याच क्रमांकावर पुणे परिसरातील एका महाविद्यालयाची, यादीत कोठेही नसलेली शाखा होती. नियम असा आहे की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप गोठते, म्हणजे अंतिम ठरते, आणि उमेदवाराला पुढील फेऱ्यांत भाग घेता येत नाही. २०२५ मध्ये चार फेऱ्या होत्या, म्हणजे वाट पाहायला भरपूर वाव होता. पण ज्या महाविद्यालयाचा कटऑफ तिच्या गुणांपेक्षा बराच खाली होता तेच पहिले लिहिल्यावर दुसरी फेरी तिच्यासाठी उरलीच नाही. सल्लागाराने फोन करून अभिनंदन केले, पेढेही मागितले!

त्या महाविद्यालयाकडून त्याला काही मिळत होते, हे सिद्ध करणारा कागद आमच्याकडे नाही. तरीही वसतिगृहात भाचीला वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या अशा मुली भेटल्या की ज्यांचे अर्ज त्याच कार्यालयाने भरले होते आणि ज्यांची पहिली पसंती नेमकी तीच निघाली. योगायोगालाही काही मर्यादा असते.

शुल्कसवलतीचा प्रकार याहून निर्लज्ज होता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत मिळते. त्यासाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर विद्यार्थिनीने स्वतः अर्ज करायचा असतो आणि मध्यस्थाची काहीही गरज नसते. या ‘फाइल’साठी त्याने २५,००० रुपये घेतले, वर मंत्रालयातील ओळखीचा हवालाही दिला. हीच सवलत संस्थास्तरावरील (महाविद्यालयाने स्वतः दिलेल्या) आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशांना लागू नाही, ही बाब पालकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण “फेरीत काही मिळणार नाही, थेट जागा घेऊ” असे सांगणारा माणूस मुलीची चार वर्षांची फीमाफीसुद्धा घालवत असतो.

शेवटचा टप्पा कर्जाचा. वसतिगृह, भोजन आणि संगणक यांसाठी ४ लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज मंजूर झाल्याचे पत्र त्याने एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या नावाने पाठवले आणि ५ टक्के मार्जिन (कर्जदाराने स्वतः घालायचा वाटा) म्हणून २०,००० व विम्याचे म्हणून १८,००० रुपये स्वतःच्या यूपीआयवर मागवले. मूळ कागद परत हवे असतील तर रक्कम आजच भरा, असेही सुनावले. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत मार्जिनच नसते, आणि त्याहून मोठ्या कर्जातही आपला वाटा शुल्कासोबत महाविद्यालयाला जातो, कोणा सल्लागाराच्या खात्यात नव्हे. पत्र घेऊन आम्ही बार्शीच्या शाखेत गेलो, तेव्हा व्यवस्थापकांनी त्यावरील आयएफएससी (शाखेचा संकेतांक) भलत्याच जिल्ह्यातील शाखेचा असल्याचे दाखवले आणि असा अर्जच बँकेकडे आलेला नाही असे सांगितले. खरा अर्ज शैक्षणिक कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून किंवा थेट शाखेत करता येतो. नंतर भाचीचे कर्ज त्याच शाखेतून रीतसर झाले.

मूळ कागद पोलिसांकडे तक्रार अर्ज दिल्यानंतर दोन दिवसांत परत आले, पैसे मात्र आले नाहीत. यूपीआयने पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे, कारण रक्कम खात्यातून पुढे सरकण्यापूर्वीच ती अडवता येते. आमच्याकडून तोवर बराच काळ गेला होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागितली आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही, पण तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. तक्रारीला आम्ही भाचीच्या हस्ताक्षरातील मूळ यादी, संकेतस्थळावरून काढलेली विकल्प अर्जाची छापील प्रत, यूपीआयच्या नोंदी आणि ‘मार्गदर्शन शुल्क’ एवढेच लिहिलेली पावती जोडली आहे. त्या कार्यालयाकडून अर्ज भरून घेतलेल्या इतर दोन कुटुंबांनीही आपापल्या विकल्प अर्जांच्या प्रती आम्हाला दिल्या असून त्याही आयोगापुढे ठेवल्या आहेत.