आठ महिने फुल बॉडी हार्नेस वापरल्यावर : लातूरच्या गच्च्यांवरून

पाडव्याच्या आधी घेतलेला बेल्ट, म्हणजे उंचावर काम करताना पडू नये म्हणून अंगभर घालायचा हार्नेस, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत पन्नास-साठ गच्च्या आणि तीन दालमिलचे पत्रे त्यानं बघितले, म्हणून म्हणलं आता लिहावं. घ्यायच्या आधी मी कुणाकुणाला विचारलं तर सगळे म्हणायचे चांगला असतो, घ्या, पण घातल्यावर कुठं टोचतंय, कुठं उपयोग होतोय आणि कुठं शून्य उपयोग आहे हे कुणीच सांगितलं नाही. कंपनीचं नाव घेत नाही, मला जाहिरात करायची नाही आणि खरं सांगायचं तर कंपनीनं फार फरक पडत नाही, का ते खाली येईलच.

आम्ही चौघंजण लातूर, औसा, रेणापूर, कधी उदगीरपर्यंत सोलर बसवतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, तवापासून कामाला तोटा नाही. आणि आमच्याकडं मालकाला पॅनल उंचच पाहिजे असतं, कारण खाली उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवायचे असतात, रात्री बाजा टाकून झोपायचं असतं. म्हणजे स्लॅब अकरा फूट, त्याच्यावर आठ फुटाचं स्ट्रक्चर, आणि त्याच्यावर तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीस किलोचं पॅनल दोघांत धरून उभे, अन् नेमकी वाऱ्याची झुळूक आली की ते पॅनल पतंगासारखं ओढ घेतंय, सोडावं तर पॅनलचं नुकसान आणि धरावं तर आपण त्याच्याबरोबर.

आधी आमच्याकडं कमरेचा पट्टा होता, एक दोरी आणि एक हूक, तोही गाडीतच असायचा. मागच्या वर्षी आमच्या ओळखीतला एक वायरमन अकरा फुटाच्या स्लॅबवरून पडला. पायावरच पडला म्हणून सगळे म्हणले वाचला, पण दोन्ही टाचांचा चुरा झालता, सहा-सात महिने घरी, अजून खडकाळ रानात चालता येत नाही त्याला. अकरा फूट म्हणजे काय उंची आहे का, असंच आम्ही सगळे म्हणत होतो तोपर्यंत. आणि कमरपट्ट्याचं सांगतो, पडताना अडवायला तो वापरायचाच नसतो, अमेरिकेत तर १९९८ पासून बंद केलाय, कारण सगळा झटका पोटात आणि मणक्यात बसतो, माणूस मधून मोडल्यासारखा घडी होतो, किंवा उलटा झाला की पट्ट्यातून सरळ निसटतो.

तर हा घेतला फुल बॉडीवाला. खांद्यावरून, छातीवर आणि दोन्ही मांड्यांतून पट्टे, पाठीवर दोन खांद्यांच्या मधी लोखंडी रिंग, दोन दोऱ्यांची लॅनयार्ड, म्हणजे बेल्टपासून हूकपर्यंतची दोरी, आणि तिला झटका शोषणारा शॉक अॅब्झॉर्बर. आयएस ३५२१ ह्या भारतीय मानकाचा शिक्का बघून घेतला, शिक्का नसलेला निम्म्या पैशात मिळत होता. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत बसलं.

आधी तक्रारी सांगून मोकळा होतो. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत हे अंगावर घालणं म्हणजे शिक्षा आहे. बकल अशी तापते की हात लावला की चटका, आम्ही ओला रुमाल गुंडाळून ठेवायचो. मांडीचे पट्टे पहिले पंधरा दिवस काचतात, घामानं लाल होतंय, जीनच्या पँटवर घातलं तर त्रास कमी, पातळ ट्रॅकपँटवर घालू नका. आमच्यातले मामा पायजमा घालतात, त्यांना तर एका दुपारी इतका घोळ झाला की ते म्हणले, ह्याच्यापेक्षा मी पडतो. लघवीला जायचं तर अर्धा काढावा लागतो, मग परत घालताना लोक मांडीचे पट्टे लावतच नाहीत, लोंबते ठेवतात, आणि ते सगळ्यात वाईट, कारण मांडीचा पट्टा नसेल तर पडताना सगळा बेल्ट वर सरकून गळ्याशी येतो. पट्टा किती आवळायचा तर पसरलेला पंजा आत गेला पाहिजे, मूठ जायला नको. छातीची बकल ढिली होत राहते, माझ्या पीसमधी तरी होते, दर तासाला ओढून घ्यावी लागते. ह्याचा एक स्टार कापला.

आता मेन मुद्दा. पहिले दोन महिने मी हा बेल्ट घालून हिंडत होतो आणि मला वाटत होतं आपण सेफ आहे. एक दिवस पाऊस आला म्हणून काम बंद, जिन्याच्या खोलीत बसून बेल्टसंग आलेलं पुस्तक उघडलं, त्यात एक चित्र होतं, माणूस लटकलेला आणि शेजारी मापं. लॅनयार्ड २ मीटर. झटका बसल्यावर शॉक अॅब्झॉर्बर उसवत उसवत लांब होतो, तो जास्तीत जास्त पावणेदोन मीटर. पाठीच्या रिंगेपासून पायापर्यंत माणूस दीड मीटर. वरून १ मीटर मार्जिन. बेरीज करा, सव्वासहा मीटर. म्हणजे जिथं हूक अडकवलाय तिथून खाली साडेवीस फूट मोकळी जागा पाहिजे. आणि आमचा स्लॅब अकरा फूट! म्हणजे स्लॅबला पायापाशी हूक लावून मी काठावरून गेलो असतो तर दोरी ताणायच्या आणि अॅब्झॉर्बर उघडायच्या आत अंगणातल्या फरशीवर. दोन महिने मी साडेतीन हजाराचा दागिना घालून फिरत होतो. मामांना दाखवलं तर ते म्हणले, मग काढून टाकू का, आणि मला त्या टायमाला खरंच उत्तर देता आलं नाही.

उत्तर असं आहे की बैठ्या घरावर पडल्यावर अडकायचा विचारच सोडायचा, काठापर्यंत पोचूच द्यायचं नाही. शेळीला खुंट्याला बांधतो तसं. दोरी एवढीच ठेवायची की काठ दोन-अडीच फूट लांब राहील. आम्ही १४ एमएमची दोरी आणि तिच्यावर चालणारा रोप ग्रॅब, म्हणजे दोरी पकडून धरणारा चिमटा, वेगळा घेतला, ग्रॅब सरकवून दोरी लहान-मोठी करता येते. इथं एक गोष्ट, दोरी आणि ग्रॅब एकमेकांच्या मापाचेच घ्या, १४ चा ग्रॅब १२ च्या दोरीवर धरत नाही, आणि दोरीच्या शेवटाला गाठ मारा. गच्चीचे कोपरे बदलले की माप परत घ्या, कारण एका काठाला बरोबर बसलेली दोरी दुसऱ्या काठाला चार फूट जास्त निघते. हे सगळं करायला पाच-सात मिनिटं जातात, सुरुवातीला पंधरा जायची. आठ फुटी स्ट्रक्चरवर चढायचं असलं तर मात्र हे पुरत नाही, कारण तिथून आतल्या बाजूला पडलात तरी स्लॅबवरच आपटणार. तिथं आता आम्ही चाकांचा घोडा, म्हणजे उभं राहायचं फिरतं मचाण, भाड्यानं आणतो, चाकं लॉक करतो आणि रॅक पूर्ण बसवून, बोल्ट आवळून मगच पॅनल वर घेतो.

आणि हूक लावायचा कशाला? ह्यावर आमची सगळ्यात जास्त भांडणं झाली. कठड्याला लावू नका, चार इंची विटेचा कठडा, त्यावर प्लास्टर, तो तुमच्या संगं खाली येईल, वर डोक्यावर पडेल ते वेगळं. पाण्याच्या टाकीचा पाइप, डिशचा खांब, हे बघायचंच नाही. आपण स्वतः आज सकाळी उभा केलेला स्ट्रक्चरचा पाय, ज्याचं काँक्रीट अजून ओलं आहे, त्याला हूक लावणारे मी डोळ्यानं बघितलेत. अँकर पॉइंट, म्हणजे हूक अडकवायची जागा, कमीत कमी १२ किलोन्यूटनचा म्हणतात, साधारण बाराशे किलोचा झटका धरा, त्या हिशोबानं गच्चीकडं बघितलं की मग लक्षात येतंय की धरण्यासारखं जवळपास काहीच नसतं. आपल्याकडं निम्म्या घरांवर पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया सोडलेल्या असतात, दहा-दहा वर्षं गंजत. सळईला हूक लावू नका, वाकते, वरून निसटते. पण कॉलमचा फूट-दीड फूट काँक्रीटचा भाग वर आलेला असेल आणि धड असेल तर त्याला बुडाशी पट्ट्याची स्लिंग, म्हणजे शिवलेला फास, गुंडाळता येते, धारेवर जुनी सतरंजी घालायची. नाहीतर जिन्याच्या खोलीच्या कॉलमला आरपार फिरवायची. आणि हूक बाजूला लांब लावला तर पडताना माणूस घड्याळाच्या लंबकासारखा झुलून भिंतीवर आपटतो, म्हणून जिथं काम तिथं समोर काटकोनात अँकर.

पोळ्याच्या आठवड्यात ह्याचा प्रत्यय आला. सतत पावसानं गच्चीवर शेवाळ, दिसत नाही पण साबण लावल्यासारखं. मी केबलचा पाइप मागं सरकत सरकत लावत होतो, मागं बघायचं भान नव्हतं, पाय गेला आणि मी पाठीवर पडून घसरत निघालो, आणि एकदम दोरीनं ओढून धरलं. उठून बघितलं तर काठ दोन हात. कठडा त्या बाजूला नव्हताच. खालून मालकाची आई ओरडली, काय करलालास रे वर, एवढा आवाज कशाचा? म्हणलं काय नाही आई, पाइप पडला.

दालमिलचं प्रकरण वेगळं आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथं बेल्ट चाललाही आणि आमचं अज्ञानही उघडं पडलं. लातूरला दालमिल किती आहेत ते सांगायला नको, जुन्या मिलवर सिमेंटचे पत्रे असतात. असला पत्रा वीस-तीस वर्षांत पापडासारखा होतो आणि वर भुश्याचा थर, त्यामुळं कुठं चीर आहे कळत नाही, उजेडाचे प्लास्टिक पत्रे पण धुळीनं सिमेंटसारखेच दिसायला लागतात. चालायचं ते बोल्टच्या ओळीवरूनच, कारण खाली लोखंडी अँगल असतो, आणि खरं म्हणजे तेही नाही, दोन अँगलवर टेकतील अशा फळ्या टाकून फळीवरूनच. आमच्या हेल्पर पोरानं फळी सोडून एक पाऊल टाकलं. कड्कन आवाज आला आणि पोरगं गायब. खाली जमीन बावीस फूट. दोरी पत्र्याच्या पलीकडं छताच्या लोखंडी कैचीला, म्हणजे पत्रे पेलणाऱ्या सांगाड्याला, बांधलेली होती, ग्रॅब वरच्या अंगाला धरलेला होता म्हणून तो दोन-तीन फूटच गेला आणि लटकला.

आम्हाला वाटलं झालं, वाचला, आता वर ओढू. पोरगं पंचावन्न किलोचं असेल, तिघांना ओढता येईना, दोरी पत्र्याच्या कडेत रुतायली, जोर लावावा तर आमच्या पायाखालचा पत्रा करकर करायला. तिकडं ते म्हणतंय पाय सुन्न व्हायलेत, तोंड पांढरं पडलेलं. लटकून राहिलं की मांडीच्या पट्ट्यानं रक्त पायात साठतं, माणूस बेशुद्ध पडू शकतो, मिनिटांचा खेळ असतो, हे मला नंतर कळलं. त्याला ओरडून पाय हलवत रहा, सायकल मारल्यासारखं, एवढं सांगायचं सुचलं तेही मामांना. शेवटी मिलच्या हमालांनी डोकं चालवलं, शेजारीच पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर अजून पोती रचून शिडी टेकवली आणि त्याचे पाय शिडीवर घेतले. दहा-बारा मिनिटं गेली. त्याला चहा पाजला, दवाखान्यात दाखवून आणलं, काही झालं नाही, पोटरीला खरचटलं तेवढं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, वर चढायच्या आधी खाली शिडी कुठं आहे आणि लटकलेल्याला उतरवणार कोण हे ठरवतो, एक माणूस खालीच असतो. आणि बेल्टला अडकवायच्या दोन तयार पट्ट्या मिळतात, लटकल्यावर त्यात पाय घालून उभं राहता येतं, घ्याच. दुसरं, तो बेल्ट आणि ग्रॅब आम्ही बाद केला. दिसायला नवा होता, एक टाका उसवलेला नव्हता, त्यामुळं पार्टनर म्हणला वेडा आहेस का, चार महिन्याचा आहे. पण झटका खाल्लेला बेल्ट परत वापरायचा नसतो. मी सरळ कात्रीनं पट्टे कापले, नाहीतर कुणीतरी उचलून घातला असता.

माझा स्वतःचा अजून चालू आहे. रंग उडालाय, भगव्याचा फिक्का झालाय, ऊन पट्ट्याला खातंय हे खरं आहे म्हणून काम झालं की गच्चीवर टाकून येत नाही, पिशवीत. महिन्यातून एकदा साध्या साबणानं कोमट पाण्यात धुतो, सावलीत वाळवतो. थिनर, ऑइल पेंट, बॅटरीचं अॅसिड लांब ठेवा. सकाळी घालायच्या आधी शिलाई बोटानं चाचपायची, हूकचं तोंड दोनदा उघडझाप करून बघायचं, आमच्या धुळीत ते अडकतं, माझा एक हूक सप्टेंबरपासून अर्धवट बंद व्हायला लागला म्हणून लॅनयार्ड बदलली. मॅन्युफॅक्चरिंगची तारीख लेबलवर असते, ते लेबल घामानं पुसतंय, पहिल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.

सेंट्रिंगवाल्या एका भाऊनं विचारलं होतं की बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचात जो बेल्ट मिळतो तो चालेल का. मी म्हणलं पेटीतून काढा तर आधी, कारण आमच्या गल्लीत तीन घरी तो न उघडता माळ्यावर आहे. शिक्का आणि तारीख बघा आणि मग दोरी कशाला बांधणार ते बघा.

साइजचं सांगायचं राहिलं. मी मध्यम बांध्याचा, मला फ्री साइज बरोबर बसतो, पण बारीक पोरांना पट्टे पूर्ण आवळूनही ढिला राहतो, त्यांच्यासाठी लहान साइज मागवा, आणि हेल्मेटला हनुवटीचा पट्टा असलेलंच घ्या, बिनपट्ट्याचं हेल्मेट आपल्या आधी खाली पोचतं. चार स्टार.