ब्युरोची ड्युटी की ॲपवाली कंपनी?

पुण्यात रुग्णाच्या घरी राहून त्याला सांभाळणाऱ्या मावश्यांपुढे आता दोन वाटा आहेत: घरोघरी मावश्या पुरवणारा जुना ब्युरो, नाहीतर ॲपवर चालणारी कंपनी.

ब्युरोत सगळा कारभार तोंडी. ब्युरोच्या बाईंचा फोन येतो, "उद्यापासून कोथरूडला आजोबा आहेत, बारा तासांची ड्युटी, डायपर आहे." कमिशन कापून पैसे हातात, तेही कधी पंधरा दिवस उशिरा. पण पोरगं तापलं तर बाईंना सांगता येतं, त्या बदली पाठवतात.

ॲपला पोराचा ताप कळत नाही. दारात पोचलं की लोकेशन चालू करून सेल्फी, मग हजेरी. लिफ्टपाशी रेंज नसली की फोन डोक्यावर धरून उभं राहायचं, आणि तेवढ्यात उशीर लागतो. रात्रीतून आजींची कूस चार वेळा बदलली, त्याची नोंद कुठेच नाही; घरच्यांनी दोनच तारे दिले तर मात्र पुढची ड्युटी लांबते. (तारे देणारा मुलगा बहुधा अमेरिकेत असतो, ते वेगळं.)

तरी नेमणूकपत्रावर 'कर्मचारी' लिहिलं असेल तर मी कंपनीच निवडायला सांगेन. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) लागतो: पगाराच्या मानाने मावशीचे ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५. माणसं उचलून पाठ धरते, तेव्हा ते कार्ड कामाला येतं. 'पार्टनर' लिहिलं असेल तर ते मिळत नाही, मग ब्युरोच बरा. सही करण्याआधी तो एक शब्द कुणाकडून तरी वाचून घ्यावा. करार बहुतेक वेळा इंग्रजीत असतो.