तंगूस की ब्रेड? टोच कशात कळते

भाच्याने मासे गरवायला नवी रॉड घेतली आणि रिळावर कुठला दोरा भरू, तंगूस की ब्रेड (विणलेला दोरा), म्हणून दोनदा फोन केला. म्हटलं, डब्यावर दोऱ्याची ताकद म्हणून लिहिलेले किलो राहू दे, टोच, म्हणजे मासा आमिषाला तोंड लावतो तो झटका, हाताला कळते का ते बघ.

नायलॉनचा तंगूस ताणला की लांबतो, जोराच्या ओढीत 20 टक्क्यांच्या आसपास. खाडीत 50 मीटरवर तांबोशीने कोळंबी नुसती चाखली, तर तो झटका वाटेतच जिरतो. गरी ओढेपर्यंत आमिष साफ! ब्रेड म्हणजे पॉलिथिलीनच्या धाग्यांची वीण, ती जवळपास लांबत नाही. तर्जनीवर दोरा टेकवून बस, तळाचा खडा वेगळा आणि टोच वेगळी कळते. तेवढ्याच ताकदीला बारीक असल्याने ओहोटीच्या ओढीत पोटही कमी धरतो, म्हणजे मधे कमी वाकतो.

कालवांच्या धारेवर मात्र ब्रेड पटकन तुटतो, तंगूस थोडं घासणं सोसतो. तंगूस स्वस्त, पण उन्हाने कमजोर होतो, वरचेवर बदलावा लागतो. ब्रेड महाग, टिकतो जास्त. वाऱ्यात सैल पडून गुंतला तर नखांनी सोडवत बसायचं.

ब्रेड भरताना रिळावर आधी थोडा तंगूस गुंडाळ, नाहीतर घसरतो. पुढे गरीकडच्या टोकाला दोन हात तंगुसाचा तुकडा जोड, तो लीडर. शिसं भोकाचं, सरकतं ठेव; मासा ओढतो तेव्हा त्याला वजन लागत नाही.

जेटीवरून तळाला गरवणार असशील तर ब्रेड. खडकावर जाणाऱ्याला आणि नवशिक्याला तंगूसच.