वेतन करार: थेट टेबलावर की समेट अधिकाऱ्यांपुढे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत युनियनची नवी कमिटी आली की पहिला वाद हाच. मालकाशी थेट बसायचं, की सहायक कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे जायचं?

थेट करार लवकर होतो. शिफ्ट सांभाळून बैठका घेता येतात, आणि भट्टीपुढं उभं राहणं म्हणजे काय हे समोरच्याला समजावावं लागत नाही. खोट एकच, पण मोठी: तो फक्त करार करणाऱ्यांना बांधतो. आमच्या फाउंड्रीत दुसऱ्या युनियनच्या मोल्डरांनी "उत्पादनवाढीची अट आम्हाला लागू नाही" म्हणून हात वर केले, आणि मालकानं सगळ्यांचाच पगारवाढीचा फरक अडवून धरला.

समेटात झालेला करार मात्र सभासद नसलेल्यांना आणि उद्या भरती होणाऱ्यांनाही लागू होतो. जुनी माणसं याला 'बारा-तीन' आणि थेट कराराला 'टू-पी' म्हणतात. ती 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली कलमं, 12(3) आणि 2(p). नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली तरी तोंडातली नावं तीच.

समेट अधिकारी निकाल देत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा. ते बोलावतात, दोघांना वेगवेगळं बसवतात, "तुमचं शेवटचं काय?" विचारतात. आमच्या कंपनीनं दोन तारखांना एचआरचा एक पोरगा पाठवला. प्रत्येक मुद्द्यावर त्याचं "विचारून सांगतो". शेवटी समेट अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. "सही करणारा माणूस आणा." पुढच्या तारखेला डायरेक्टर स्वतः आले. थेट बैठकांत वर्षभर आम्हाला ते जमलं नव्हतं.

समेट अधिकाऱ्यांच्या अहवालाची मुदत 45 दिवस, संपाची नोटीस असेल तर 14. समेट चालू असताना आणि नंतर 7 दिवस संप करता येत नाही. मालकालाही वादातल्या सेवाशर्ती कामगारांच्या तोट्यात बदलता येत नाहीत. फिसकटलं तर 90 दिवसांत थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज. सरकारनं वाद तिकडं पाठवायची वाट बघणं संपलं, पण कोर्टाचा वेळ तो कोर्टाचाच.

कारखान्यात एकच युनियन आणि मालक शब्दाचा पक्का असेल, तर थेट करा. दोन युनियन असतील तर आकडे टेबलावर ठरवा, सह्या मात्र समेट अधिकाऱ्यांपुढेच करा. जाताना मागणीपत्राची पोच बरोबर घ्या. आमची सापडली नाही, आणि पहिली तारीख तिच्यातच गेली.