१८६५ च्या सैनिकाचं पत्र म्हणून मला विकलेला कागद (जुनी पत्रं घेणाऱ्यांनी नक्की वाचा)

८५० डॉलर गेले. पण त्याहून जास्त लागलं ते हे की बाबांनी त्या पत्राचं मराठी स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतलं होतं, आणि ते खोटं निघालं हे मला त्यांना फोनवर सांगावं लागलं. अजून कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

बाबांची अख्खी नोकरी अकोल्याला जिनिंगमध्ये हिशेबनीस म्हणून गेली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरला कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मग मुंबईत शेअर्सचं वेड आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळंच कोसळलं, ही गोष्ट मी त्यांच्याकडून लहानपणापासून शंभरदा ऐकलीय. आता मी राहतो अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला, पीटर्सबर्ग इथून अर्ध्या तासावर. तिथे जून १८६४ पासून २ एप्रिल १८६५ पर्यंत दोन्ही सैन्यं खंदकात समोरासमोर बसून होती आणि नंतर आठवड्याभरात, ९ एप्रिलला, दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. म्हणून ठरवलं की बाबांच्या पंचाहत्तरीला त्या शेवटच्या दिवसांतलं एखादं खरं पत्र द्यायचं.

एका ऑक्शन साइटवर मिळालं. विकणारा वयस्कर माणूस, फोनवर फार प्रेमाने बोलला, आजीच्या ट्रंकेत सापडलं म्हणाला, सोबत सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट आणि तीन सेंटच्या गुलाबी तिकिटाचा लिफाफा. आणि म्हणाला, माझ्यावर विश्वास ठेवू नका, नॅशनल पार्क सर्व्हिसने यादवी युद्धातल्या सैनिकांची यादी ऑनलाइन ठेवलीय, तिच्यात या शिपायाचं नाव तुम्हीच बघा. मी बघितलं तर नाव होतं, उत्तरेच्या बाजूची पेन्सिल्वेनियाची रेजिमेंटही तीच. तिथेच मी फसलो. कारण त्या यादीत ६३ लाख नावं आहेत आणि ती कोणालाही फुकट दिसतात, म्हणजे ज्याला खोटं पत्र लिहायचंय तोही नाव तिथूनच उचलणार ना! त्यात नाव, रेजिमेंट, हुद्दा एवढंच असतं, माणूस कधी मेला ते नसतं. वर साइटचं कमिशन वाचवू म्हणून त्याने पैसे थेट बँकेतून मागितले आणि मी दिले. हे कधीही करू नका. कार्डने दिले असते तर कार्ड कंपनीकडे तक्रार तरी करता आली असती.

पत्र वाचताना डोळ्यात पाणी आलं होतं. आईला लिहिलेलं, वर तारीख रविवार २७ मार्च १८६५. लिंकनना घोड्यावर जाताना पाहिलं, उन्हाळ्यात सुरुंग फुटला तेव्हा आपली माणसं त्या खड्ड्यात कशी अडकून मेली, परवा फोर्ट स्टेडमनला पहाटे काय झालं, ली आता पंधरा दिवस टिकत नाही, नांगरणीपर्यंत घरी येतो. लिंकन २४ मार्चला सिटी पॉइंटला, म्हणजे पीटर्सबर्गजवळच्या उत्तरेच्या तळावर, आलेच होते, स्टेडमन या उत्तरेच्या किल्ल्यावर दक्षिणेचा हल्ला २५ चाच, त्यामुळे सगळं बरोबर वाटत होतं. मी रात्री बसून मराठी केलं आणि बाबांना पाठवलं. त्यांनी ते शेजारच्या दोन मित्रांनाही वाचून दाखवलं.

शंका आली ती वारावरून. ली शरण आला तो दिवस पाम संडे (ईस्टरच्या आधीचा रविवार), म्हणजे ९ एप्रिल रविवार, मग मागे मोजत गेलं की २६ मार्च रविवार येतो आणि २७ ला सोमवार. खंदकातल्या पोराचा एखादा दिवस चुकूही शकतो, म्हणून मी भिंग घेऊन बसलो. कागद जुनाच होता, अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली अजिबात चमकला नाही. आजकालचे बरेच कागद निळसर चमकतात, त्यामुळे टॉर्चवाल्यांना वाटतं की काम झालं, पण जुन्या हिशेबाच्या वह्यांतली कोरी पानं सर्रास विकत मिळतात. माझ्या पत्रात जिथे घडी पडून कागद चिरला होता तिथे शाई त्या चिरेत उतरून दोन्ही बाजूंना पसरली होती. नीट विचार करा, माणूस आधी लिहितो आणि मग घडी घालतो, म्हणजे ती चीर लिहिण्याच्या आधीपासून तिथे होती. शिवाय खालच्या कोपऱ्यात एक डाग होता आणि तिथली ओळ त्या डागाला वळसा घालून गेली होती. लिफाफा खरा होता पण दुसऱ्याच कोणाचा. तेव्हाच्या कितीतरी शिक्क्यांवर दिवस आणि महिना असतो, साल नसतंच, त्यामुळे कुठलाही लिफाफा कुठल्याही पत्राला लावता येतो.

मग वॉशिंग्टनला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात गेलो. रिसर्चर कार्ड काढलं की जुन्या पेन्शन फायली मूळ स्वरूपात बघायला मिळतात, लिहायला मात्र पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. दर दोन महिन्यांनी सैन्यात हजेरी व्हायची, त्या हजेरीपटावरून पुढे प्रत्येक शिपायाची कार्डं बनवलेली आहेत, त्यात हा मुलगा नोव्हेंबर-डिसेंबर १८६४ ला 'गैरहजर, आजारी'. आणि पुढचं कार्ड: जानेवारी १८६५, टायफॉइडने मृत्यू, सिटी पॉइंटचं डेपो फील्ड हॉस्पिटल. म्हणजे माझ्या पत्राच्या दोन महिने आधीच तो गेला होता.

आईने पेन्शन मागितली होती, महिन्याला आठ डॉलर मिळायची. मुलगा आपल्याला पैसे पाठवायचा हे सिद्ध करायला अशा आया मुलांची पत्रंच अर्जाला जोडायच्या, त्यामुळे त्या फायलीत त्याचं खरं पत्र होतं. मी ते हातात धरलं. तपकिरी झालेली शाई, वाकडंतिकडं अक्षर, स्पेलिंग जसं सुचेल तसं. ना लिंकन ना ली. पगारवाला चार महिने आला नाही, आता आला, वीस डॉलर पाठवतोय, पायमोजे पाठव, विणलेलेच पाठव, इथले टिकत नाहीत, गाय व्याली का. एवढंच. मला विकलेल्या कागदावरचं अक्षर याच्या जवळपासही नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या पायमोज्यांपुढे ते सगळं लिंकन-पुराण मला भाषणासारखं वाटायला लागलं. लढाया, सेनापती, भविष्यवाणी सगळं एकाच पानात बसलेलं पत्र कोणी विकत असेल तर आधी त्या शिपायाचं कार्ड मागवा, मग पैशाचं बोला. त्या कार्डाच्या कॉपीला लागणारा खर्च माझ्या नुकसानीपुढे काहीच नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला आमच्या एक्स्पर्टने पाहिलंय, मग उत्तरच बंद. पोलिसांत तक्रार दिलीय, पैसे आलेले नाहीत.

बाबांना सांगितलं तेव्हा बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग त्या पोराचं खरं काय झालं रे?" मी सगळं सांगितलं, मोजे, गाय, टायफॉइड. त्यांनी विचारलं, कुठं पुरलं त्याला. सिटी पॉइंटची दफनभूमी आता होपवेल गावात आहे, माझ्या घरापासून लांब नाही. शनिवारी गेलो. पांढऱ्या दगडांच्या रांगा, प्रत्येकावर नंबर, नाव, राज्य. तो सापडायला पाऊण तास लागला. फोटो काढून पाठवला, आणि फायलीतल्या पत्राचं मराठीही. वहीतलं जुनं पान त्यांनी फाडलं नाही, त्यावर आडवी रेघ मारली आणि पुढच्या पानावर हे उतरवून घेतलंय.