नव्याने मांडलेला सुपरमॅन: वाचायला कुठला घ्यावा?

सुपरमॅन वाचायचं ठरवलं की पहिल्याच पावलाला घोडं अडतं. जून १९३८ ची तारीख असलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकापासून त्याची गोष्ट इतक्या जणांनी इतक्या वेळा ‘नव्याने’ सांगितली आहे की सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही. सगळं क्रमाने वाचायचा हट्ट धरला तर जन्म पुरायचा नाही. तशी गरजही नाही, कारण प्रकाशकांनीच अधूनमधून पाटी कोरी करून दिली आहे. इथे चार पुनर्मांडण्या शेजारी शेजारी ठेवतो, पाचवीचा नुसता उल्लेख करतो. घाईत असाल तर माझा कौल आधीच ऐका: एकच घ्यायचं असेल तर ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ घ्या.

नव्या मांडणीचा गाजावाजा बहुतेक वेळा वेशावरून होतो. २०११ मध्ये लाल चड्डी गेली आणि कॉलर उंच झाली, २०१८ मध्ये चड्डी परत आली, आणि दोन्ही वेळा चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं. त्यावर जाऊ नका. बघायचं ते हे, की हा माणूस बाहेरून, क्रिप्टॉन नावाच्या नष्ट झालेल्या ग्रहावरून आलेला आणि पृथ्वीवर केंट जोडप्याने क्लार्क म्हणून वाढवलेला आहे, या गोष्टीचं लेखक काय करतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे जन्मदाते ज्यू स्थलांतरितांचे मुलगे, क्लीव्हलंडमध्ये एकत्र काम करणारे. सुपरमॅनचे हक्क त्यांनी १३० डॉलरला देऊन टाकले, पण परक्या पोराची ती गोष्ट त्यांच्या घरातूनच आली होती. त्यांचा सुपरमॅन उडत नव्हता, लांब लांब उड्या मारायचा. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बडवायचा, भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागायचा. तिसऱ्या अंकात तर सुरक्षेवर पैसे न खर्चणाऱ्या खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवून तो धडा शिकवतो. पुढच्या दशकांत हाच माणूस ग्रह ढकलण्याइतका ताकदवान झाला आणि तेवढाच गुळमुळीत. त्याला पुन्हा माणसात आणायचं म्हणजे काय, याची उत्तरं प्रत्येकाने आपापल्या परीने दिली.

पहिलं मोठं उत्तर १९८६ चं, जॉन बर्न यांचं ‘द मॅन ऑफ स्टील’. सहा अंक. बर्न यांनी ताकद कमी केली, सुपरबॉय (पोरवयातला सुपरमॅन) पुसून टाकला, केंट आईवडील जिवंत ठेवले आणि चष्मा लावून पत्रकारी करणारा क्लार्क हाच खरा माणूस, सुपरमॅन हा त्याने घातलेला वेश, असं ठरवून टाकलं. त्याचा हाडवैरी लेक्स लूथर तोवर वेडा शास्त्रज्ञ होता, तो इथे बडा उद्योगपती झाला. हा बदल इतका चपखल बसला की पुढच्या बहुतेकांनी तो उचलला. चौथ्या अंकात लूथरच्या आलिशान बोटीवर दहशतवादी हल्ला करतात. त्याला त्याची कुणकुण आधीच होती, फक्त सुपरमॅन काय करतो ते बघायचं म्हणून त्याने हल्ला होऊ दिला. शहराचा महापौर तिथेच सुपरमॅनला अधिकार देऊन लूथरला अटक करायला लावतो. शहराचा मालक असल्यासारखा वावरणारा माणूस चारचौघांत पकडला जातो. पुढचं सगळं वैर या एका अपमानातून निघतं, त्यासाठी किरण सोडणारी यंत्रं लागत नाहीत.

पण परकेपणाच्या प्रश्नावर बर्न यांनी सरळ पळवाट काढली. त्यांचा क्रिप्टॉन थंड, निर्जंतुक, स्पर्शालाही घाबरणारा. तो गेला तर कुणाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये असाच. बाळ गर्भकोषात ठेवूनच पाठवलं जातं आणि कोष कॅन्ससमध्ये उघडतो, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पोराचा जन्मच पृथ्वीवरचा! बर्न स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, कॅनडात वाढलेले; तरी त्यांनी आपल्या नायकाच्या मागे काही सुटून गेल्याची हुरहुर ठेवली नाही. शिवाय पानं संवादांनी भरलेली आहेत, चौकटीत पात्रं जे करताना दिसतात तेच विचारांच्या फुग्यात पुन्हा सांगतात. हे पुस्तक आज ‘नवं’ वाटणार नाही. आजचा सुपरमॅन कुठून आला हे ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी मात्र ते चुकवू नये असंच आहे.

‘ऑल-स्टार सुपरमॅन’ (२००५ ते २००८, १२ अंक) याच्या नेमकं उलट जातं. ग्लासगोचे ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार फ्रँक क्वाइटली यांनी काहीच कापलं नाही. बर्न यांनी फेकून दिलेला जुना पसारा, म्हणजे बाटलीतलं शहर, महाताकदीचा कुत्रा, विचित्र प्रयोगशाळा, सगळा परत आणला आणि त्याला एकच धागा दिला: सूर्याजवळ अडकलेल्यांना वाचवताना सुपरमॅनच्या शरीरात झेपणार नाही इतकी ऊर्जा शिरली आहे आणि आता तो मरणार आहे. हातात थोडे दिवस असलेला माणूस काय काय उरकतो, त्याची ही गोष्ट. जन्मकथा पहिल्याच पानावर चार चौकटींत आणि जेमतेम आठ शब्दांत संपते. बाकीच्यांनी त्यासाठी अंकच्या अंक खर्ची घातलेत.

क्वाइटलींचा क्लार्क केंट नीट बघा. चष्म्याने चेहरा लपतो हे आपण आजवर लेखकावर मेहेरबानी म्हणून मान्य करत आलो. इथे तशी मेहेरबानी करावी लागत नाही. खांदे पडलेले, पोट सुटल्यासारखं, सूट ढगळ. मोठं अंग असलेला, कुठे ठेवावं ते न कळणारा माणूस. पहिल्या अंकात हा रस्त्यावर एकाला धडकतो, तो माणूस वैतागतो, आणि त्याच क्षणी तो उभा होता तिथे वरून काहीतरी कोसळतं. चौकटीत कुणीच त्याकडे बोट दाखवत नाही. तुम्ही पान उलटून पुढे गेलात तर हुकलं. दहाव्या अंकात इमारतीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या एका मुलीचं पान आहे. त्याबद्दल इथे जास्त सांगत नाही.

या मालिकेला आयझनर हे कॉमिक्सचे मानाचे पुरस्कार मिळाले, तिचं कौतुक रास्तच आहे. माझी तक्रार एवढीच की नवख्याला पहिलं पुस्तक म्हणून लोक हेच डोळे झाकून हातात देतात. जुन्या कॉमिक्सचा गंध नसेल तर मधले दोन-तीन अंक डोक्यावरून जातात, सहावा-आठवा अंक येईपर्यंत वाचक दमतो. आणि हा सुपरमॅन परका राहिलेलाच नाही. तो जवळजवळ देव आहे, प्रेमळ आणि सगळ्यांचा. ज्याला त्याच्याशी ओळख करून घ्यायची आहे त्याला आधी थोडा कमी परिपूर्ण सुपरमॅन भेटलेला बरा.

तो ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’मध्ये भेटतो. जीन लुएन यांग यांचं लेखन, गुरिहिरू या जपानी जोडीची चित्रं, २०१९-२० मध्ये तीन जाडजूड अंकांत आलेलं. आधार १९४६ च्या रेडिओ मालिकेतल्या एका कथानकाचा, ज्यात सुपरमॅन कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेच्या धर्तीवरच्या टोळीशी भिडतो. गोष्ट १९४६ मध्येच ठेवली आहे. चिनी वंशाचं ली कुटुंब चायनाटाउन सोडून सुपरमॅनच्या शहरात, मेट्रोपोलिसमध्ये, राहायला येतं. मुलगा टॉमी नव्या मुलांत लगेच मिसळतो, त्याची बहीण रोबर्टा हिला ते जमत नाही, आणि मग एका रात्री त्यांच्या अंगणात क्रॉस पेटतो.

हा सुपरमॅन अजून उडत नाही. घाईत असला की विजेच्या तारांवरून धावत सुटतो. १९३८ चा उड्या मारणारा नायक यांग यांनी परत आणला, आणि कारण मात्र स्वतःचं दिलं: उडता येतं हे त्याला कळायला हवं होतं, पण त्याने लहानपणापासून स्वतःला दाबून ठेवलंय, लोक बिचकतील म्हणून. हे रोबर्टाच्या लक्षात येतं, कारण तीही तेच करत आलेली असते. सुपरशक्तीचा आणि स्वभावाचा इतका सरळ सांधा मला इतरत्र दिसलेला नाही. चित्रं स्वच्छ, गोलाईची, जपानी धाटणीची. दहा-बारा वर्षांचं पोरही एका बैठकीत वाचेल. २०२१ मध्ये याला दोन आयझनर मिळाले, त्यातला एक मुलांसाठीच्या पुस्तकाचा, त्यामुळे काही मोठे वाचक ते बाजूला ठेवतात. ठेवू नका. मागे यांग यांचा स्वतःचा लेख आहे, तोही वाचा. कमतरता सांगायची तर खलनायकांचा सूत्रधार थोडा सोपा आहे आणि शेवट जरा जास्तच गोडीगुलाबीने होतो.

‘अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन’ची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली जेसन एरन आणि चित्रकार राफा सँडोव्हाल यांची ही मालिका परकेपणा आणि वर्ग यांची गाठ घालते. क्रिप्टॉनवर त्याचं जन्माचं एल घराणं शास्त्रज्ञांचं नाही, कष्टकऱ्यांचं आहे. पोर तान्हं असताना नाही, जाणतं झाल्यावर पृथ्वीवर पोचतं, त्यामुळे जे गमावलं ते त्याला आठवतं. पहिल्या अंकात तो ब्राझीलमधल्या खाणीत मजुरांच्या बाजूने उभा राहतो. सीगल-शुस्टरचा खाणमालक आठवावा असंच आहे. एरवी त्याची प्रेयसी असणारी लोइस लेन इथे मात्र बलाढ्य कंपनीच्या बाजूने त्याच्या मागावर. सँडोव्हालच्या पानांना वेग आहे, धुळीचा केप तर बघतच राहावा. फक्त हा सुपरमॅन रागीट आणि एकटा आहे, मारझोड भरपूर आहे, आणि कथा भूत-वर्तमानात सारखी ये-जा करते. एका बैठकीत संपणारं काही हवं असेल तर थांबा. दर महिन्याला पुढचा अंक येण्याची वाट बघण्यात ज्यांना मजा वाटते त्यांनी आजच सुरू करावं.

मार्क वेड आणि लेनिल फ्रान्सिस यू यांचं ‘बर्थराइट’ (२००३-०४) या सगळ्यांच्या मधोमध बसतं. पश्चिम आफ्रिकेत वार्तांकन करणारा तरुण क्लार्क, त्याच्या गावात काही काळ राहून गेलेला लूथर, जन्मकथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सविस्तर. पहिला निम्मा भाग फार चांगला, नंतर लूथरची योजना लांबते. ज्यांना एकाच पुस्तकात सगळा उगम हवा आहे त्यांनी बर्नऐवजी हे घेतलं तरी चालेल.

आणि बर्न घेतलंच तर मूळ सहा अंकांवर थांबा. त्यापुढची मालिकाही संग्रहांच्या रूपात मिळते, पण ती तुम्हाला पुढचे अनेक महिने सोडणार नाही.