‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’: १९९१ चे ध्वनिमुद्रण घ्यावे की १९९९ चे?

ब्रिटिश गायक-संगीतकार पीटर हॅमिल यांचा हा रॉक ऑपेरा (रॉक संगीतातून सलग कथा सांगणारी रचना) दोन रूपांत उपलब्ध असल्याने नव्या श्रोत्याला निवड करावी लागते. एडगर ॲलन पो यांच्या १८३९ मधील भयकथेवरून त्याची संहिता ख्रिस जज स्मिथ यांनी लिहिली. १९६७ मध्ये मँचेस्टरला ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ या बँडची सुरुवात याच दोघांनी केली होती. संहिता दोन्ही रूपांत तीच आहे. अशर वाड्याचा आजारी मालक रॉडरिक अशर याच्यासाठी स्वतः हॅमिल, त्याची बहीण मॅडलिन हिच्यासाठी लीना लव्हिच आणि त्याचा पाहुणा मित्र माँट्रेसर याच्यासाठी अँडी बेल, हे गायकही तेच आहेत. (पो यांच्या कथेत हा मित्रच निवेदक असून तो निनावी आहे; माँट्रेसर हे नाव त्यांच्याच दुसऱ्या कथेतून घेतलेले आहे.)

फरक आहे तो वाद्यमेळात. १९९९ मध्ये हॅमिल यांनी ड्रम्स आणि इतर तालवाद्ये पूर्णपणे काढून टाकली, इलेक्ट्रिक गिटारचे थरावर थर चढवले, स्वतःची सर्व पदे नव्याने गायली आणि स्टुअर्ट गॉर्डन यांचे व्हायोलिन जोडले.

हा बदल मला केवळ आवडीनिवडीचा वाटत नाही. मूळ कथेतील रॉडरिकची ज्ञानेंद्रिये आजाराने इतकी हळवी झालेली असतात, की काही मोजक्या तंतुवाद्यांचे सूर सोडले तर कोणताही आवाज त्याला भयभीत करतो, आणि तो स्वतः गिटार वाजवतो. म्हणजे तालवाद्ये वगळून तारांवर उभी राहिलेली १९९९ ची रचना रॉडरिकच्या कानांनी ऐकल्यासारखी आहे. १९९१ च्या रूपात ठेका सुरू झाला, की त्या कुजत चाललेल्या वाड्यात कोणीतरी घड्याळ लावून ठेवल्यासारखे वाटते आणि भीती मोजून-मापून येऊ लागते. नव्या रूपात ओळ कुठे थांबेल, कुठे लांबेल, याचा अंदाज येत नाही, आणि रॉडरिकच्या तोंडी तर ही अनिश्चितताच शोभते.

तरीही जुन्या ध्वनिमुद्रणाची एक बाजू खरी आहे. ज्यांना रॉकमध्ये ताल हवाच असतो, त्यांना १९९९ ची आवृत्ती सलग ऐकताना जड जाईल. तालाचा आधार असल्याने १९९१ मध्ये प्रवेशांची विभागणी अधिक स्पष्ट कळते.

एकच घ्यायची असेल, तर १९९९ ची घ्यावी, आणि ऐकण्यापूर्वी पो यांची कथा वाचावी. ती एका बैठकीत वाचून होते.